पाकीट, वाढपी आणि संकेतस्थळ

‘सर, व्हॉट्सॲप चालतंय, पण साइट उघडत नाही. मग नेट आहे की गेलंय?’

वेब डिझाइनच्या वर्गात पहिल्या आठवड्यात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. पूर्वी मी फळ्यावर इंटरनेट आणि वेब यांच्या व्याख्या लिहून द्यायचो. मुलं त्या उतरवून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न विचारायची. आता मी जन्मतारखा सांगतो. इंटरनेटचं मूळ १९६९ सालचं, कॅलिफोर्नियातलं. वेबचं १९८९ सालचं, जिनिव्हाजवळचं. वीस वर्षं इंटरनेट वेबशिवाय व्यवस्थित चालू होतं आणि आजही व्हॉट्सॲपचा निरोप जायला वेब लागत नाही. एक रस्ता आहे, दुसरी त्या रस्त्यावरून धावणाऱ्या अनेक गाड्यांपैकी एक. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे शब्दही आपापल्या घरी जातात. रस्त्याकडचे शब्द बहुतेक टपालखात्याच्या वळणाचे, वेबकडचे बरेचसे छापखान्यातले.

रस्त्यापासून सुरुवात करू. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकात शिरण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करत होता. दोन्ही ठिकाणांत साडेपाचशे किलोमीटरचं अंतर. ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. तासाभराने पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं. या जाळ्याचं नाव अर्पानेट. त्यावरून गेलेला पहिला निरोप असा अडीच अक्षरांचाही नाही, दोनच अक्षरांचा.

निरोप जायचा तो तुकडे होऊन. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक, वाट मिळेल तसा तो जाणार, पलीकडे सगळे तुकडे पुन्हा क्रमाने लावले जाणार. या तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणायचं हे ठरवलं ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी, साठच्या दशकात. दुसऱ्या भाषांमध्ये सहज नेता येईल असा शब्द हवा म्हणून त्यांनी एका भाषातज्ज्ञाला विचारून तो निवडला होता. मराठीत तर काहीच करावं लागलं नाही, कारण दुधाचं आणि बिस्किटांचं पॅकेट घरोघरी होतंच. मी वर्गात मात्र ‘पाकीट’ म्हणतो. जाडजूड पुस्तकाची पानं सुटी करून शंभर पाकिटांतून पोस्टाने पाठवली, तर काही पाकिटं आधी येतील, काही मागून, एखादं हरवेल आणि ‘सदतिसावं पुन्हा पाठवा’ असं कळवावं लागेल. इंटरनेट दिवसभर हेच करतं.

‘इंटरनेट’ हा शब्द त्यानंतरचा. डिसेंबर १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या एका तांत्रिक टिपणात तो दिसतो. वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याची क्रिया म्हणजे ‘इंटरनेटवर्किंग’, त्याचंच हे आखूड रूप. म्हणजे हा शब्द जाळ्याला नाही, जाळ्यांच्या जाळ्याला आहे. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांना ‘टीसीपी/आयपी’ ही एकच बोली सक्तीची झाली. आज कोणी ‘आयपी ॲड्रेस काय आहे?’ असं विचारतं, तो याच बोलीतला आयपी. त्याचं मूळ रूप म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक शून्य ते २५५ मधला.

पण आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. सुरुवातीला नावं आणि आकडे यांची जोडी लावणारी एकच यादी होती. ती स्टॅनफर्डच्या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या विभागाकडे असायची. नवं यंत्र जोडलं की त्यांच्याकडे कळवायचं, मग यादीत नाव चढायचं, मग सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. अगदी ग्रामपंचायतीतल्या नोंदवहीसारखं. यंत्रं वाढली तशी वही पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही वही जागोजागी वाटून टाकण्याची पद्धत आखली. ती म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’ वगैरे शेपट्या त्यातूनच आल्या. १५ मार्च १९८५ रोजी नोंदलेलं पहिलं डॉट कॉम नाव सिम्बॉलिक्स या अमेरिकी संगणक कंपनीचं होतं. तेव्हा वेब जन्मायला अजून चार वर्षं होती.

इथे एक घोळ हटकून होतो. एका गृहस्थांनी मला अभिमानाने सांगितलं, ‘साइट घेतली.’ बघतो तर फक्त डोमेन घेतलेलं, होस्टिंग नाही. दुकानाची पाटी झकास रंगवून आणली होती, गाळाच घेतला नव्हता! डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे ते नाव जिथे नेऊन पोचवतं ती भाड्याची जागा. दोन्हींचा इतिहास वेगळा, बिलंही वेगळी.

आता वेब. मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांकडे एक प्रस्ताव दिला. हजारो शास्त्रज्ञ येतात, काम करतात, निघून जातात आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते, यावर काहीतरी करा, असा त्याचा रोख. वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर शेरा मारला, त्याचं मराठी साधारण असं होईल: ‘मोघम, पण रोमांचक’. सरकारी फायलीवर असा शेरा आला असता तर फाइल तिथेच संपली असती. इथे पुढे पावणेदोन वर्षांत पहिला सर्व्हर, पहिला ब्राउझर आणि पहिली साइट तयार झाली. ‘वर्ल्ड वाइड वेब’ हे नाव ठरण्याआधी ‘माहितीची खाण’ अशा अर्थाचं नाव विचारात होतं. इंग्रजीत त्याची आद्याक्षरं ‘टिम’ अशी व्हायची. ते फारच आत्मप्रौढीचं दिसेल म्हणून मागे पडलं.

पहिला सर्व्हर म्हणजे नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक, बर्नर्स-ली यांच्याच टेबलावरचा. त्यावर लाल शाईने लिहिलेलं लेबल चिकटवलेलं होतं: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. रात्री जाताना कोणी सवयीने बटण दाबलं असतं तर जगातलं सगळं वेब बंद पडलं असतं. मुलांना सर्व्हर म्हणजे काहीतरी अजस्र, थंड खोलीत ठेवलेलं यंत्र वाटतं, म्हणून मी हे लेबल आवर्जून सांगतो. सर्व्हर म्हणजे नुसता वाढपी. पंगतीत बसलेल्याने ‘भात’ म्हटलं की भात आणून वाढायचा. मागणारा तो क्लायंट, म्हणजे तुमचा ब्राउझर. यंत्र कोणतंही असो, वाढायला उभं राहिलं की ते सर्व्हर.

फक्त हा वाढपी कमालीचा विसराळू. मघाशी भात मागणारा आणि आता वरण मागणारा माणूस एकच, हे त्याला कळत नाही. प्रत्येक मागणी त्याला पहिलीच. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली. वाढप्याने पहिल्या वेळी एक चिठ्ठी द्यायची आणि मागणाऱ्याने पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती परत दाखवायची. जुन्या प्रोग्रामरांच्या बोलीत अशा चिठ्ठीला ‘मॅजिक कुकी’ म्हणत, म्हणून ही ‘कुकी’. आज प्रत्येक साइट ‘कुकीज स्वीकारा’ म्हणून दारातच अडवते तेव्हा लोकांना बिस्किट आठवतं. आठवायला हवा तो देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा पितळी बिल्ला. बिल्ल्यावर फक्त नंबर असतो, चपला कोणाच्या ते मांडणीवाल्याला ठाऊक. पुढे जाहिरातवाल्यांनी गावातल्या सगळ्या देवळांबाहेर आपलाच बिल्ला चालवायला सुरुवात केली. सगळी तक्रार त्यानंतरची आहे.

वेबच्या पत्त्यात ‘एचटीटीपी’नंतर येणाऱ्या त्या दोन तिरप्या रेघांबद्दलही लोक विचारतात. त्यांची खरं तर गरज नव्हती, हे २००९ मध्ये बर्नर्स-ली यांनी स्वतःच कबूल केलं. जगभर छापले गेलेले एवढे कागद आणि एवढ्या बोटांची मेहनत!

इथून पुढे छापखाना लागतो. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात ती एचटीएमएल. तिच्यातला ‘एम’ म्हणजे मार्कअप. हस्तलिखित छापायला जाण्याआधी संपादक त्यावर रंगीत पेन्सिलीने खुणा करतो: हा मथळा, इथून नवा परिच्छेद, हे ठळक. कंपोझिटरने त्या खुणा वाचून खिळे जुळवायचे, खुणा मात्र छापायच्या नाहीत. हाच तो मार्कअप. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि दोन सहकाऱ्यांनी ही पेन्सिल संगणकात आणली. त्या घराण्यातली एक पद्धत सर्नमध्ये वापरात होतीच, बर्नर्स-ली यांनी तिचाच आधार घेतला. त्यांच्या १९९१ च्या वर्णनात अठराच टॅग, म्हणजे अशा खुणा, होत्या. परिच्छेदाचा ‘पी’ आणि मथळ्यांचे ‘एच-वन’पासून ‘एच-सिक्स’पर्यंतचे टॅग तेव्हापासूनचे. चित्राचा टॅग त्यात नव्हताच. तो १९९३ मध्ये मोझेक ब्राउझरच्या मार्क अँड्रीसन यांनी सुचवला.

नवशिक्यांची हमखास चूक याच ठिकाणी होते. अक्षर मोठं हवं म्हणून ते ‘एच-वन’ लावतात. संपादकाच्या खुणेचा अर्थ ‘हा मथळा आहे’ एवढाच असतो. तो किती मोठा, कोणत्या रंगाचा, हे सांगणं तिचं कामच नाही.

ते काम कोणाचं, यावर नव्वदीच्या दशकात भरपूर गोंधळ झाला. शास्त्रज्ञांच्या कागदांसाठी केलेली वस्तू दुकानदारांच्या आणि वर्तमानपत्रांच्या हाती पडली. त्यांना दोन स्तंभ हवेत, डावीकडे यादी हवी. मग आकडेवारीसाठी असलेला तक्ता चौकटी आखायला जुंपला गेला. मोकळी जागा सोडायची तर एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ठेवायचं आणि ते ताणायचं. मीही हे उद्योग केलेत. एक रकाना चुकला की अख्खं पान भूकंप झाल्यासारखं तिरपं व्हायचं. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन विउम ली यांनी दिसण्याचे नियम वेगळ्या कागदावर लिहायची सूचना केली. बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये या नियमांच्या भाषेची, म्हणजे सीएसएसची, पहिली आवृत्ती आली. पहिलं ‘सी’ म्हणजे कॅस्केडिंग, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं. ब्राउझरचे नियम, वाचणाऱ्याचे नियम आणि लिहिणाऱ्याचे नियम एकावर एक उतरतात आणि कोणाचं चालायचं हे ठरलेल्या क्रमाने ठरतं. वाचणाऱ्यालाही त्यात मत होतं, हे आज कोणाच्या गावीही नाही.

सीएसएसमधल्या ‘मार्जिन’ला मराठीत अस्सल शब्द आहे: समास. शाळेच्या वहीत पट्टीने आखायचो तोच. ‘पॅडिंग’ म्हणजे चौकटीच्या आत भरलेला कापूस. ‘फॉन्ट’ची व्युत्पत्ती फ्रेंचमधली, धातू वितळवून ओतण्याची. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं नाव झालं ते अशाच सुबक ओतलेल्या खिळ्यांमुळे. वेबच्या पानाला हलतं-बोलतं करणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचं एका वाक्यात सांगतो: ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली आणि जावा या दुसऱ्या संगणकभाषेशी तिचं नातं नावापुरतंच.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून, फोनच्या तारेवरून. विद्यार्थ्यांचं स्वस्त खातं नुसत्या अक्षरांचं, चित्रांविना. मराठी अक्षरं मात्र त्यात कुठेच बसत नव्हती. पहिल्या मराठी साइटींनी मग वेषांतर केलं. आत अक्षर रोमनच, फॉन्ट मराठी चित्रांचा. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर अग्रलेखाच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि उभ्या रेघांचा कचरा दिसायचा. एका साइटचा मजकूर दुसरीकडे नेता येत नसे, शोधताही येत नसे.

खरा इलाज होता अक्षरालाच कायमचा नंबर देण्याचा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि त्यात देवनागरी होती. ‘क’चा नंबर ०९१५, मग तो कोणत्याही फॉन्टमध्ये असो. मराठीची एक खोच मात्र निराळी. आचार्याला नमस्कार करतात आणि आचाऱ्याला स्वयंपाक सांगतात. या दुसऱ्या शब्दातला आडव्या रफाराचा र हिंदीला लागतच नाही. तो टिंबवाल्या ‘ऱ’मधून मिळतो, नंबर ०९३१. वर्गात ‘दऱ्या’ टाइप करायला सांगितलं की निम्मे जण समुद्रात पोचतात.

वेबसाइटला आपण संकेतस्थळ म्हणतो. संस्कृत काव्यात अभिसारिका रात्री लपतछपत जिथे प्रियकराला भेटायला जाते ती ठरलेली जागा म्हणजे संकेतस्थळ. नगरपालिकेच्या पत्रकात ‘अर्ज संकेतस्थळावर उपलब्ध आहेत’ असं वाचलं की मला अजून हसू येतं. पण शब्द चांगला आहे, दोघांनी ठरवलेला पत्ता त्यात आहेच.

२७ ऑगस्ट २०१४ पासून तो पत्ताही देवनागरीत लिहिता येतो, शेवटी ‘डॉट भारत’ लावून. गेल्या खेपेला वर्गात एकीने तसा पत्ता ब्राउझरमधून उचलून निरोपात चिकटवला. पलीकडे उमटलं: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी.

‘सर, फॉन्ट गेला का?’

नाही, म्हटलं, हे ‘भारत’च आहे. १९८३ च्या त्या वहीला देवनागरी येत नाही, म्हणून तिथे नाव असं चढवलंय.