मोठा आजार, विमा नाही : डिपॉझिट भरण्याआधी कोणते कागद, कुठे अर्ज

कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला, अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले किंवा डॉक्टरांनी डायलिसिस सांगितले, की घरातली माणसे आधी पैशांच्या मागे धावतात. सोने गहाण पडते, नातेवाइकांकडून उसने घेतले जाते आणि डिपॉझिट भरून होते. योजनेची चौकशी त्यानंतर सुरू होते, आणि इथेच कुटुंबाचे सर्वांत मोठे नुकसान होते. महाराष्ट्रातल्या रुग्णांसाठी खाली दिलेल्यांपैकी एकही योजना आधी भरलेले बिल परत देत नाही. मदत मिळते ती थेट रुग्णालयाला, आणि तीही मंजुरीनंतरच्या उपचारासाठी. म्हणून बिलाच्या खिडकीवर पहिली पावती फाटण्याआधी एक प्रश्न विचारा : “इथे आरोग्यमित्र कुठे बसतात?” आरोग्यमित्र म्हणजे योजनेत असलेल्या रुग्णालयात नोंदणी आणि मदतीसाठी बसणारा योजनेचा माणूस.

२०२४ मध्ये काय बदलले

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर लागू झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. गावाकडे अजूनही अनेक जण तिला ‘जीवनदायी’च म्हणतात. तेव्हा पिवळे रेशन कार्ड किंवा एक लाखापर्यंत उत्पन्न असलेले केशरी कार्ड लागायचे आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. पांढऱ्या कार्डाला फक्त विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुरती सवलत होती.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही चौकट मोडली आणि १ जुलै २०२४ पासून नवी रचना प्रत्यक्षात आली. आता मर्यादा कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख रुपये आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पांढरे कार्ड असलेली आणि मुळात कार्डच नसलेली, पण महाराष्ट्राची रहिवासी असलेली कुटुंबेही योजनेत आली. छोटा दुकानदार, खासगी नोकरीत विम्याशिवाय राबणारा, रिक्षाचालक हे सगळे पूर्वी ‘फार गरीब नाही’ म्हणून बाहेर राहायचे. आता ते पात्र आहेत आणि यातल्या अनेकांना ते अजून ठाऊक नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतल्या कुटुंबांनाही योजना लागू केली आहे. आश्रमशाळेतली मुले, अनाथाश्रम व वृद्धाश्रमातले रहिवासी, नोंदणीकृत बांधकाम कामगार यांच्यासाठी वेगळा गट आहे.

रस्ते अपघाताचे नियम निराळे आहेत. महाराष्ट्राच्या हद्दीत जखमी झालेला माणूस कुठल्याही राज्याचा असो, त्याच्यासाठी अपघाताच्या ठरलेल्या उपचारांना एक लाखापर्यंतची तरतूद आहे.

कागद कोणते आणि ते कुठे अडतात

फुले योजनेसाठी दोन गोष्टी लागतात : रुग्णाचे नाव असलेले रेशन कार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र, शक्यतो आधार. कार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र किंवा तहसीलदाराचा रहिवासी दाखला. लहान बाळाचे आधार नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचे ओळखपत्र जवळ ठेवा.

ऐकायला हे सोपे वाटते, पण निम्मी धावपळ इथेच होते. सून घरात येऊन पाच वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरच्या कार्डावरच असते. मुलाचे नाव कार्डावर चढवलेलेच नसते. रेशन कार्डावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक कुणाला माहीत नसतो. कार्ड जुने, हाताने लिहिलेले असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन हा क्रमांक आजच घ्या. नाव चढवणे आणि दुरुस्तीही तिथेच होते. घरात कुणी आजारी नसतानाच हे काम करून ठेवावे, कारण अतिदक्षता विभागाबाहेर बसून ते करणे फार जड जाते.

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत नाव असेल तर आयुष्मान कार्ड काढा. हे कार्ड आयुष्मान ॲपवर आधारच्या ओटीपीने स्वतः काढता येते. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा देऊन काढावे लागते. आशाताईंकडेही विचारा. या कार्डाचा एक मोठा फायदा राज्याबाहेर आहे : यादीतल्या कुटुंबाला दुसऱ्या राज्यातल्या संलग्न (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयातही उपचार घेता येतात.

घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचे कुणी असेल तर त्यांचे ‘वय वंदना’ कार्ड वेगळे काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने हे सुरू केले आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर या ज्येष्ठांसाठी आणखी ५ लाखांचे स्वतंत्र संरक्षण मिळते. वय आधारवरूनच धरले जाते. आधारवर नुसते जन्मवर्ष किंवा चुकीची तारीख असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

रुग्णालयात प्रत्यक्ष काय होते

पहिली गोष्ट : ‘हे रुग्णालय योजनेत आहे’ एवढे कळून पुरत नाही. रुग्णालय काही ठरावीक विभागांसाठीच संलग्न असते. हाडांच्या शस्त्रक्रियेला योजना लागू, पण हृदयविकाराला नाही, असे एकाच इमारतीत असू शकते. म्हणून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री क्रमांकावर आजाराचे नाव आणि जिल्हा सांगून, त्या आजारासाठी संलग्न असलेल्या रुग्णालयांची नावे मागा. आयुष्मानसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

निदान अजून पक्के झाले नसेल तर थांबा आणि हिशोब करा. एमआरआय, बायोप्सी, एन्डोस्कोपी यांचा मंजुरीआधीचा खर्च बहुतेकदा खिशातून जातो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. जिथे शक्य आहे तिथे निदान तिथेच करून घ्या आणि मूळ रिपोर्ट, फिल्म, सीडी सगळे एका पिशवीत सांभाळा. पुढची मंजुरी याच कागदांवर मिळते.

संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र कागद तपासून नोंदणी करतात. मग डॉक्टर उपचाराचा कोड निवडतात आणि रिपोर्टसह ऑनलाइन पूर्वमंजुरीचा प्रस्ताव जातो. योजनेच्या ठरलेल्या यादीत जो उपचार आहे त्यालाच मंजुरी मिळते. १ जुलै २०२४ च्या रचनेत ही यादी १३५६ उपचारांची होती आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. त्यामुळे शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेल्या नकारावरून अंदाज बांधू नका. काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खासगी रुग्णालयाने ‘बसत नाही’ म्हटले तर ते या कारणाने का, हे नेमके विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तोच उपचार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात योजनेतून होऊ शकतो.

प्रस्ताव ‘पेंडिंग’ असणे म्हणजे नामंजूर होणे नव्हे. बहुतेक वेळा तपासणाऱ्या डॉक्टरांनी शंका काढलेली असते : बायोप्सीचा रिपोर्ट अस्पष्ट आहे, अँजिओग्राफीची सीडी जोडलेली नाही, नावात फरक आहे. आरोग्यमित्राला रोज एकदा विचारा, “क्वेरी आली आहे का, आणि काय मागितले आहे?” मागितलेला कागद त्याच दिवशी दिला तर अडलेला प्रस्ताव लवकर पुढे सरकतो. केमोथेरपीत प्रत्येक फेरीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. पहिली मंजूर झाली म्हणून दुसऱ्या फेरीला कागद न घेता जाऊ नका.

तातडीच्या वेळी, म्हणजे हार्ट अटॅक, मेंदूतला रक्तस्राव, गंभीर अपघात अशा प्रसंगी पूर्वमंजुरीची वाट पाहावी लागत नाही. आरोग्यमित्राने फोनवरून तातडीची सूचना नोंदवली की उपचार सुरू करता येतात. कागद नंतर द्यायचे असतात, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोचवा. डिस्चार्जच्या दिवशी रेशन कार्ड आणून दाखवले तर काम होत नाही.

पॅकेजमध्ये, म्हणजे मंजूर उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित खर्चात, खाट, शुश्रूषा, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञांचे शुल्क, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण हे सगळे येते. डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासणी त्यातच आहे. घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही धरलेले आहे. हे तुमच्या हक्काचे आहे, ते मागून घ्या. ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ असे सांगितले तर ते पॅकेजबाहेरचे आहे का, हे डॉक्टरांकडून लिहून मागा. पॅकेजमधल्या गोष्टीसाठी पैसे घेतले असतील तर पावतीसह योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी तक्रार द्या आणि १५५३८८ वरही नोंदवा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. पावती दिली नाही, तर रक्कम, तारीख, वेळ आणि खिडकी यांची त्याच दिवशी वहीत नोंद करा.

योजनेत बसत नसेल तर : धर्मादाय रुग्णालय

धर्मादाय रुग्णालय म्हणजे सार्वजनिक ट्रस्टने चालवलेले रुग्णालय. ही वाट लोक विसरतात, आणि मोठ्या शहरांतली अनेक नामवंत रुग्णालये नेमकी याच प्रकारात मोडतात. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक बिलातून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. निर्धन रुग्णाला उपचार मोफत मिळतात. दुर्बल घटकाला औषधे, साहित्य आणि इम्प्लांट खरेदीच्या दराने लावतात आणि त्यातला किमान निम्मा खर्च रुग्णाने द्यायचा असतो.

यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागते. अर्ज रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात, म्हणजे वैद्यकीय समाजसेवकाकडे, करायचा. ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर वारंवार मिळते. त्यावर राखीव खाटांची त्या दिवशीची स्थिती विचारा आणि नकार लेखी मागा. जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार देणे या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आधी उपचार, मग कागद.

मुख्यमंत्री सहायता निधी

फुले योजना, धर्मादाय रुग्णालय आणि मुलांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या तिन्हींत काम होत नसेल तर हा अर्ज करायचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपेक्षा कमी असावे आणि आजार ठरवून दिलेल्या यादीतला असावा : कॅन्सर, हृदय, यकृत, मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण, मेंदूचे आजार, भाजणे, नवजात बालकांचे आजार, अपघात, डायलिसिस वगैरे. विहित नमुन्यातला अर्ज, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले), चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, आजाराचे रिपोर्ट आणि उपचार घेत असतानाचा रुग्णाचा जिओ-टॅग केलेला फोटो हे सगळे जोडावे लागते. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी (रुग्णालयाने केलेली वैद्यकीय-कायदेशीर नोंद), प्रत्यारोपण असेल तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातल्या (झेडटीसीसी) नोंदणीची पावती. लहान मुलासाठी आईचे आधार. मदतीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहेत.

दोन गोष्टींनी इथे अर्ज अडतो. एक, रुग्णालय निधीच्या प्रणालीत नोंदलेले नसते. दोन, रुग्ण घरी गेल्यावर अर्ज केला जातो. रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि ती सहसा संपूर्ण खर्चाची नसते. त्यामुळे हा निधी तूट भरण्यासाठी धरा, त्याच्या भरवशावर महागडे रुग्णालय निवडू नका.

उत्पन्नाचा दाखला

धर्मादाय आणि सहायता निधी या दोन्हींचे कुलूप याच किल्लीने उघडते. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज होतो. तलाठ्याचा अहवाल, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा वेतनाचा पुरावा, आणि स्वयंघोषणापत्र लागते. ठरलेली मुदत १५ दिवसांची आहे. रुग्ण दाखल असेल तर रुग्णालयाचे पत्र घेऊन तहसीलदारांना प्रत्यक्ष भेटा आणि तातडी सांगा. दाखल्यावरचे आर्थिक वर्ष नीट पाहून घ्या. मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिल उजाडताच कुचकामी ठरू शकतो.

आरोग्यमित्राची नोंदणी, आयुष्मान कार्ड आणि योजनेची पूर्वमंजुरी यांना एक रुपयाही लागत नाही. ‘फाइल पास करून देतो’ म्हणत रुग्णालयाच्या दारात कुणी पैसे मागितले तर कागद त्याच्या हातात देऊ नका. आधारची प्रत आणि आलेला ओटीपी तर मुळीच देऊ नका.