लेखकच प्रकाशक : स्वखर्चाने निघणाऱ्या मराठी पुस्तकाची पार्श्वभूमी

स्वतःचे पुस्तक स्वतःच प्रकाशित करू पाहणाऱ्या मराठी लेखकापुढे आज ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांत नवे असे फार थोडे आहे. भांडवल कोठून आणायचे, मजकूर शुद्ध आणि नेटका कसा छापून घ्यायचा आणि छापलेल्या प्रती वाचकाच्या हाती कशा पोहोचवायच्या, हे तिन्ही प्रश्न एकोणिसाव्या शतकातील ग्रंथकारांनाही पडलेले होते. पहिले दोन प्रश्न छपाईचे तंत्र बदलत गेले तसे हळूहळू सोपे झाले. तिसरा मात्र बव्हंशी जसाच्या तसा राहिला. ज्यांनी तो सोडवला त्यांनी बहुधा पुस्तक छापण्याआधीच वाचक शोधून ठेवलेला होता, असे हा इतिहास चाळताना वारंवार दिसते.

आरंभीची अडचण अक्षरांचीच होती. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते मराठीत असूनही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, तेथे तयार नव्हते. देवनागरी खिळ्यांनी छापलेला मराठी मजकूर पुस्तकात यायला १८०५ साल उजाडले, आणि तेही बंगालमधील श्रीरामपूरला, विल्यम कॅरी यांच्या मराठी व्याकरणाच्या निमित्ताने. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर (दगडावर अक्षरे उमटवून केलेल्या छपाईने) मराठी पंचांग काढले, पुढे खिळेही पाडले, आणि जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’ने १८६९ पासून देवनागरी छपाईला जे देखणेपण दिले त्याची छाप पुढील कित्येक दशके टिकली. मिशन किंवा सरकार यांच्या आश्रयाशिवाय एखाद्या ग्रंथकाराला आपले पुस्तक पदरच्या पैशाने छापून घेता येणे शक्य झाले, ते या देशी छापखान्यांमुळे.

तरीही ती छपाई कशी होत असे, हे जरा जवळून पाहिल्याशिवाय त्या काळच्या खर्चाचे गणित उमगत नाही. जुळारी, म्हणजे अक्षरे जुळवणारा कामगार, खणाखणांच्या केसपुढे उभा राहून एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. काने, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला रोमन लिपीच्या कितीतरी पट खिळे लागत. एवढा साठा लहान छापखान्याकडे नसे. म्हणून सोळा पानांचा एक फर्मा छापून झाला की जुळणी मोडून तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकले जात आणि पुढच्या फर्म्याला वापरले जात. लेखकाने प्रूफ तपासून लवकर परत दिले नाही तर खिळे अडकून पडत आणि छापखानदाराचे पुढचे काम खोळंबे. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळी जुळणी पहिल्यापासून करावी लागे. साहजिकच एकदा जुळणी झाली की जमेल तितक्या प्रती काढून ठेवण्याकडे कल असे. मराठी पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती ही जी रूढी पडली, तिचे एक मोठे कारण या खिळ्यांत आहे, असे माझे मत आहे. लेखकाच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेले गठ्ठे हे अनेकदा पुस्तकाच्या गुणावगुणांपेक्षा या गणिताचे फळ होते.

ज्यांच्यापाशी भांडवल नव्हते त्यांना आश्रयाकडे वळावे लागे, आणि आश्रयाला अटी असत. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी काम करू लागली. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे तसे झाले, असे जोतीरावांनीच पुढे नोंदवले आहे. ते नाटक छापले जायला १९७९ साल उजाडावे लागले. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये पुणे सिटी प्रेसमध्ये छापून निघाली, पण ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा अडला. १८८३ मध्ये लिहिलेल्या या ग्रंथाचे आरंभीचे भाग ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात आले, पुढचे छापायला पत्र धजावले नाही, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने निघू शकला नाही. जोतीराव मात्र हस्तलिखित घेऊन ठिकठिकाणी त्याचे वाचन करीत राहिले. छपाई अडली म्हणून ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यापर्यंत पोहोचणे त्यांनी थांबवले नाही, आणि स्वप्रकाशनाच्या इतिहासात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

याच सुमारास, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून प्रसिद्ध झाले. एवढे जहाल आणि एवढे थेट पुस्तक निघाले, आणि त्यानंतर दीर्घकाळ त्याचे नावही फारसे कोणाच्या तोंडी राहिले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मूळ छपाईला त्र्याण्णव वर्षे झाली होती. पुस्तक छापून झाले म्हणजे ते वाचले जाते असे नाही, आणि मागे उभी राहणारी संस्था नसेल तर उत्तम ग्रंथही एका आवृत्तीत विरून जातो, याचे याहून ठसठशीत उदाहरण मराठीत सहसा सापडणार नाही.

अशी पुस्तके निदान नोंदींत तरी सापडतात, याचे श्रेय एका कायद्याला द्यावे लागते. १८६७ च्या पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व ठिकाण छापणे सक्तीचे केले आणि छापलेल्या पुस्तकांच्या याद्या सरकारदप्तरी जमा होऊ लागल्या. हेतू नजर ठेवण्याचा होता; पण लेखकानेच स्वतःचे नाव प्रकाशक म्हणून घातलेली कित्येक पुस्तके आज अभ्यासकांना सापडतात ती त्या याद्यांमुळे.

भांडवल आणि वितरण या दोन्ही गाठी एकाच वेळी सोडवणारी युक्ती म्हणजे आगाऊ वर्गणी. पुस्तक निघण्याआधी आश्रयदाते मिळवायचे आणि त्यांच्या पैशावर छपाई उरकायची, ही पद्धत जुनी आहे. तिला सर्वांत मोठ्या आवाक्यावर नेले ते श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढायला एकही प्रकाशक पुरा पडणार नाही हे ओळखून त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले, पुढे पुण्यात बिऱ्हाड हलवले आणि तेवीस खंड पुरे केले. या व्यवहाराची सारी हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या १९२७ च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आज स्वतःचे पुस्तक काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण विद्वत्ता आणि वसुली ही दोन्ही कामे एकाच माणसाने कशी केली, याचा तो प्रामाणिक हिशेब आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रस्थापित प्रकाशन संस्था भक्कम झाल्या तशी त्यांच्या बाहेर राहिलेल्यांची अडचणही स्पष्ट झाली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५० च्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) करून काढले आणि साठच्या दशकात अनियतकालिकांची लाटच आली. १९७६ मध्ये मुंबईत कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही स्वतःची प्रकाशन संस्था काढली. कोलटकरांचे ‘जेजुरी’ हे इंग्रजी काव्य तेथूनच प्रथम पुस्तकरूपात आले. त्यांच्या मराठी कविता मात्र अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने १९७७ मध्ये काढल्या. एकट्याने सोसायचा खर्च आणि खटाटोप चौघांत वाटून घेणे, ही त्या प्रयोगाची खरी शिकवण होती. १९७४ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने हेच वाचकांच्या बाजूने केले: सभासदांना सवलतीत पुस्तके द्यायची आणि त्यांच्या बळावर अनोळखी लेखकाचे पुस्तक छापायचे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये अशाच रीतीने वाचकांपर्यंत गेले.

ऑफसेट आणि संगणकावरील अक्षरजुळणी आल्यावर खिळ्यांचा जाच संपला, पण त्याच्या जागी दुसरा आला. ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींत अक्षरे प्रत्येक टंकाच्या स्वतंत्र सांकेतिक रचनेत साठवली जात, युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत तोच मजकूर आणायचा तर रूपांतर करावे लागते आणि रूपांतरात शब्द मोडतात. एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचे रूपांतरित प्रूफ मी तपासले होते. ‘करणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा र प्रत्येक ठिकाणी उडालेला होता आणि त्याच्या जागी कोठे रफार, कोठे रिकामा चौकोन आलेला होता. सव्वादोनशे पानांत तो एकेक र परत बसवायला आम्हाला अकरा दिवस लागले. स्वप्रकाशित पुस्तकांवर अशुद्धतेचा जो आरोप होतो, त्यातला बराचसा भाग लेखकाच्या निष्काळजीपणाचा नसून या अवस्थांतराचा आहे. मात्र मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नयेत, हे त्यावरून अधिकच ठामपणे म्हणावे लागते.

मागणीनुसार छपाईमुळे आता पन्नास प्रतीही काढता येतात. प्रतीमागे खर्च अधिक पडतो, पण माळ्यावर गठ्ठे राहत नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय अभिकरणाकडून लेखकाला स्वतःच्या नावाने विनाशुल्क मिळतो. तरीही याच क्रमांकासाठी हजारो रुपये आकारणारी ‘पॅकेजे’ सर्रास विकली जातात. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणारा आणि लेखकाच्या वतीने छपाई करून देणारा, यांतला भेद करारात पाहावा लागतो: हक्क कोणाकडे राहतात, उरलेल्या प्रती कोणाच्या, आणि मांडणीची मूळ फाइल लेखकाला मिळते की नाही. जुन्या लेखकाला खिळे मोडल्यावर पुन्हा जुळणी करावी लागे. आजच्या लेखकाने फाइल मागून घेतली नाही तर त्याच्यावर नेमकी तीच वेळ येते.

वितरणाचा प्रश्न मात्र तेथेच उभा आहे. विक्रेत्याला द्यावे लागणारे कमिशन किमतीचा मोठा हिस्सा खाऊन जाते आणि एकाच पुस्तकाचा प्रकाशक दुकानदाराच्या लेखी फारसा महत्त्वाचा नसतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अनुदानित वाचनालयांचे जाळे उभे राहिले आणि साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते, या दोन्ही गोष्टींचा आधार आहे. उरतो तो टपालाचा मार्ग. अनेक वर्षे लेखक-प्रकाशकांनी ज्या नोंदणीकृत बुकपोस्टावर भिस्त ठेवली, ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तके पाठवण्यासाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. ओळखीच्या दोनशे वाचकांची पत्त्यांसह यादी ज्याच्यापाशी छपाईआधीच तयार आहे, त्याला या सेवेच्या दराचा हिशेब पुस्तकाची किंमत ठरवतानाच मांडता येतो.