हॉक्स प्रथिने आपली जागा कशी ओळखतात : एका कोड्याची पार्श्वभूमी

ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर हे डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम ओळखून तेथे बसणारे आणि जवळच्या जनुकाचे काम सुरू किंवा बंद करणारे प्रथिन होय, ही कल्पना जिवाणूंच्या अभ्यासातून आली. फ्रान्स्वा जाकॉब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये अशा नियंत्रकाचे अस्तित्व तर्काने मांडले. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी ई. कोलाय या जिवाणूतील लॅक रिप्रेसर, म्हणजे जनुकाचे काम रोखणारे असेच एक प्रथिन, प्रत्यक्ष वेगळा केला. हा रिप्रेसर डीएनएच्या वीसहून अधिक बेसजोड्यांचा (म्हणजे समोरासमोरील अक्षरांच्या जोड्यांचा) पट्टा झाकतो. जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच सुमारे ४६ लाख जोड्यांचा असल्याने इतका लांब क्रम त्यात योगायोगाने पुन्हा सापडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. प्रत्येक प्रथिनाची स्वतःची जागा असते आणि ती ओळखण्याची क्षमता त्याच्या रचनेतच असते, असा समज त्यातून रूढ झाला. नॅड्रियन सीमन, जॉन रोझेनबर्ग आणि अलेक्झांडर रिच यांनी १९७६ मध्ये दाखवले की, डीएनएच्या गोफावरील दोन खाचांपैकी मोठ्या खाचेत प्रत्येक बेसजोडी हायड्रोजन बंधांची वेगळी मांडणी पुढे करते, त्यामुळे दुहेरी गोफ न उलगडताही प्रथिनाला अक्षरे ‘वाचता’ येतील. या मांडणीने तो समज आणखी पक्का झाला.

त्याला तडा गेला तो फळमाशीमुळे. शरीराचा कोणता खंड कोणते रूप घेणार हे तिच्यात हॉक्स जनुके ठरवतात. अँटेनापेडिया हे जनुक भलत्या जागी सक्रिय झाले तर स्पर्शिकेच्या जागी पाय उगवतो, आणि अल्ट्राबायथोरॅक्सचे कार्य वक्षाच्या तिसऱ्या खंडात बंद पडले तर माशीला चार पंख येतात. १९८४ मध्ये बाझेल येथील वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने आणि स्वतंत्रपणे इंडियाना येथे मॅथ्यू स्कॉट व एमी वायनर यांनी या जनुकांतील १८० जोड्यांचा समान तुकडा जाहीर केला. त्यालाच होमिओबॉक्स म्हणतात. त्यापासून बनणारे ६० अमिनो आम्लांचे होमिओडोमेन हाच डीएनएला चिकटणारा भाग ठरला. १९९० मध्ये मिळालेल्या रचनांमध्ये त्याचे तिसरे हेलिक्स (सर्पिल भाग) मोठ्या खाचेत रुतलेले स्पष्ट दिसले.

अडचण अशी होती की बहुतेक हॉक्स प्रथिने प्रयोगनळीत जवळपास एकाच क्रमाला, म्हणजे टीएएटी या गाभ्याला, चिकटत होती. फळमाशीच्या सुमारे १८ कोटी जोड्यांमध्ये ही चार अक्षरे दहा लाखांहून अधिक ठिकाणी येतात. होमिओडोमेनमधील ५०व्या स्थानावरचे अमिनो आम्ल बदलले की पसंतीचा क्रम बदलतो, हे १९८९ मध्ये कळले होते, परंतु हॉक्स प्रथिनांमध्ये त्या स्थानी ग्लुटामिनच असल्याने त्या शोधाचा येथे उपयोग नव्हता. शरीरात इतका काटेकोर फरक करणारी प्रथिने नळीत मात्र एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, या विसंगतीला पुढे ‘हॉक्स विरोधाभास’ हे नाव मिळाले.

उत्तराचा पहिला धागा १९९० मध्येच हाती आला होता. मार्क पायफर आणि एरिक वीशाउस यांनी वर्णन केलेल्या एक्स्ट्राडेंटिकल या जनुकात बिघाड झाला की हॉक्स जनुके आपापल्या जागी व्यवस्थित व्यक्त (म्हणजे सक्रिय) होत असतानाही शरीरखंडांची ओळख बिघडत असे. त्याच वर्षी माणसातील एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून, पीबीएक्स१ हे जनुक सापडले आणि १९९३ मध्ये ही दोन्ही जनुके परस्परांची नातलग निघाली. कर्करोग आणि माशीचा गर्भ यांचे संशोधन असे एकाच प्रथिनकुळावर येऊन मिळणे हा या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. १९९४ मध्ये एक्स्ट्राडेंटिकल हॉक्स प्रथिनांसोबत सहकार्याने डीएनएला चिकटून त्यांची निवडकता वाढवते असे दिसून आले, तर १९९९ मधील स्फटिकरचनांत हॉक्सची एक लवचीक शेपटी या कोफॅक्टरच्या, म्हणजे साहाय्यक प्रथिनाच्या, खळग्यात अडकलेली दिसली. कोफॅक्टरला पेशीकेंद्रकात शिरण्यासाठी होमोथोरॅक्स या तिसऱ्या प्रथिनाची गरज लागते, हेही दरम्यान समजले.

जोडीने बसल्यामुळे ओळखला जाणारा क्रम लांबला, इतकेच स्पष्टीकरण मात्र पुरत नव्हते, कारण एक्स्ट्राडेंटिकल तर सर्व हॉक्स प्रथिनांचे समाईक भागीदार आहे. रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लाळग्रंथीशी संबंधित एका जागेचा अभ्यास करून दाखवले की, भागीदार शेजारी असताना एससीआर या हॉक्स प्रथिनाची आर्जिनिन व हिस्टिडिन ही अमिनो आम्ले डीएनएच्या लहान खाचेत शिरतात. ती खाच तेथे अरुंद असल्याने तिचा ऋणभार तीव्र असतो आणि धनभारित आर्जिनिन तेथे घट्ट धरले जाते. म्हणजे येथे अक्षरांइतकाच डीएनएचा आकारही वाचला जात होता. २०११ मध्ये फळमाशीच्या आठही हॉक्स प्रथिनांची तपासणी झाली, तेव्हा एकटी असताना झाकलेले त्यांच्या पसंतीतील फरक कोफॅक्टर सोबत येताच प्रकट होतात आणि त्यांचे ढोबळ गट पडतात, असे आढळले.

गट पडले तरी एकाच गटातील प्रथिने वेगळी कशी ओळखावीत हा प्रश्न उरला. त्यावर २०१५ मध्ये आलेले उत्तर अनपेक्षित होते. शेव्हनबेबी या जनुकाच्या नियंत्रक भागात अल्ट्राबायथोरॅक्स आणि एक्स्ट्राडेंटिकल यांची जोडी ज्या जागांवर बसते, त्या दुर्बल बंधाच्या निघाल्या. संशोधकांनी त्या मुद्दाम बळकट केल्या तेव्हा इतर हॉक्स प्रथिनेही तेथे बसू लागली आणि जनुक भलत्या खंडांत व्यक्त झाले. एकेक दुर्बल जागा पुरेसा परिणाम साधू शकत नाही, म्हणूनच नियंत्रक भागात अशा अनेक जागा जवळजवळ आढळतात. त्यातील काही काढून टाकल्या तर सामान्य तापमानाला फारसा फरक जाणवत नाही, पण उष्णतेचा ताण आला की जनुकाचे व्यक्त होणे डळमळते.