झाडावरच्या खपल्या आणि ओढ्यावरचा कस्तूर

महाबळेश्वर-कोयना पट्ट्यात आंब्या-फणसाच्या खोडावर राखाडी-हिरवट खपल्या दिसल्या, की 'झाडाला रोग लागला' म्हणत कोयत्याने खरवडायला सुरुवात होते. तो रोग नव्हे, शैवाक (लायकेन) आहे; गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्यातलंच. त्याला मुळं नसतात, ते झाडाचा रस पीत नाही. साल त्याला फक्त टेकायला लागते.

तिथल्याच ओढ्याकाठी पहाटे शीळ घालणारा शीळकरी कस्तूर हा पक्षी वर्गीकरणात सरळ बसतो. पूर्वी तो कस्तुरांच्या कुळात होता, डीएनए तपासल्यावर माशीमारांच्या कुळात गेला. कुळ बदललं तरी पक्षी एकच राहिला. शैवाक मात्र मुळात एक जीव नाहीच. आत बुरशी आणि तिच्या धाग्यांत उन्हावर अन्न बनवणारं शैवाल किंवा नीलहरित जीवाणू. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे मांडलं, तेव्हा शैवाक-तज्ज्ञच चिडले. शास्त्रीय नाव मात्र आजही बुरशीचंच धरतात.

खरी गंमत पाण्याची आहे. पाणी धरून ठेवायची सोय शैवाकात नाही. उन्हात ते कडकडीत वाळतं, श्वसनही जवळपास थांबतं, तरी मरत नाही. गळलेल्या फांदीवरच्या वाळक्या शैवाकावर चार थेंब टाकून भिंगातून पाहा: वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल हिरवं दिसू लागतं. शैवाल हिरवं असेल तर नुसत्या दमट हवेवरही प्रकाशसंश्लेषण सुरू होतं; नीलहरित जीवाणू असतील तर पाणीच लागतं. पण फार भिजलं तर पाण्याच्या थरातून कार्बन डायऑक्साइड आत शिरायला अडतो. अंधारात ओलंच राहिलं तर श्वसनात साठवलेलं अन्न संपतं. म्हणून नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला की कुजतो. कागदी पाकिटात ठेवावा.

सगळं हवेतूनच शोषायचं म्हटल्यावर विषही आत येतं. सल्फर डायऑक्साइडने हरितद्रव्य बिघडतं, म्हणून धुराच्या रस्त्याकडेला नाजूक जाती आधी जातात.

कस्तूर धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत 'किमान चिंता' गटात आहे. त्याला हवेत वाहते ओढे आणि घरट्यासाठी कडे-कपारी. एक ओढा आटला तर तो दुसरा शोधू शकतो. शैवाकाला ती सोय नाही. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर जातात, पण एकटे. जोडीदार शैवाल सापडलं तरच पुढे काही. काही जाती दोघांची मिळून भुकटी सोडतात, त्यांचं बरं चालतं. वाढ मात्र वर्षाला काही मिलिमीटरच. मसाल्यासाठी गोळा करायचंच तर पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवरचं घ्यावं, उभ्या खोडावरचं सालीसकट तासू नये. साल गेली की तिथे पुन्हा टेकायला जागाच उरत नाही.