वणव्यात बाग जळाली: मदतीचा अर्ज कुठे करायचा आणि तो का अडकतो

फेब्रुवारी सरत आला की मंडणगड, दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या डोंगराला वणवा लागलेला दिसतो. कारणं जुनीच: वाळलेलं गवत, काजूखालचा पातेरा (सुका पाला), भाजावळीतून, म्हणजे पेरणीआधी शेत भाजताना, सुटलेली आग, लोंबकळणाऱ्या तारांची ठिणगी. आग विझल्यावर बागायतदार धावतो तो विम्याकडे, आणि पहिली चूक तिथेच होते.

हवामान आधारित फळपीक विम्यात आग हा धोकाच नाही. अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वारा अशा गोष्टींसाठी हा विमा आहे. गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि ७२ तासांत कळवायची अट त्या गारपिटीची. लोक ‘७२ तास’ एवढंच ऐकतात, रात्रभर जागून वणव्याची तक्रार अ‍ॅपवर नोंदवतात आणि महिन्याभराने ‘अपात्र’ असा एका शब्दाचा निरोप येतो.

उन्हाने फळ भाजलं असेल तर विमा लागू होतो, पण तिथेही तुमच्या बागेत कोणी पाहायला येत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने काय नोंदवलं, यावर सगळं ठरतं. हवामान खात्याने उष्णतेची लाट जाहीर केली म्हणजे भरपाई पक्की, असा समज बाळगू नका. किनाऱ्यावर तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त गेलं की खातं लाट म्हणतं. विम्याचे निकष वेगळे असतात आणि ते शासन निर्णयाच्या तक्त्यात छापलेले असतात. तो तक्ता हप्ता भरण्याआधी वाचावा. झाडाचं वय आंबा-काजूला किमान ५ वर्षं हवं.

वणव्यासाठी दार महसूल खात्याचं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत ‘आग’ आहे. तरीही तहसील कार्यालयात ‘वणवा माणसाने लावलेला, नैसर्गिक नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवतात. तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. अर्ज आवक-जावकला द्या, शिक्क्याची पोच घ्या आणि नकार असेल तर तोही लेखी मागा. अर्जात जे पाहिलं तेवढंच लिहा: आग किती वाजता, कोणत्या बाजूने आली, किती झाडं गेली. ‘अमक्याने लावली असावी’ हा संशय अर्जात घुसवला की प्रकरण भावकीच्या वादात जातं आणि मदत राहते बाजूला. पुरावा असेल तर पोलिसांत वेगळी तक्रार द्या. संशय कोणावर नसला तरी पोलीस ठाण्यात जळिताची नोंद करून घ्याच.

ठिणगी तारेची असेल तर महावितरणबरोबर विद्युत निरीक्षकालाही लेखी कळवा. पंचनाम्यात खांबाचा क्रमांक आला पाहिजे. पुढचं सगळं निरीक्षकाच्या अहवालावर असतं, आणि तार ओढून घट्ट केल्यावर त्या अहवालात काय येणार? आधी फोटो काढा.

पंचनामा नीट वाचल्याशिवाय सही करू नका. झाडांची संख्या, जात, वय, कुंपण, ठिबकच्या नळ्या, खोपटी सगळं त्यात हवं. ‘पानं करपली’ एवढ्यावर समाधान मानू नका. होरपळलेला हापूस काही आठवडे जिवंत वाटतो, मग खोडाची साल सुटते आणि पावसाळ्यात झाड वाळतं. तेव्हा ‘खोड होरपळले, झाड जगण्याची खात्री नाही’ असं आताच लिहून घ्या. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त दिसलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

आता खरं अडणारं कागदपत्र: सातबारा. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर पन्नास वर्षांची कलमं उभी असतात आणि गाव नमुना बाराच्या, म्हणजे पिकांच्या नोंदीच्या, रकान्यात गवत. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद, कोणी केलेलीच नसते. कागदावर झाड नाही, तर जळलं काय? हा प्रश्न निष्ठुर आहे, पण विचारला जातो. हंगामाची पाहणी बंद झाल्यावर ती मागाहून भरता येत नाही, म्हणून हे काम आग लागण्याआधीचं.

दुसरी अडचण सामायिक नावांची. सातबाऱ्यावर आजोबा, जे हयात नाहीत, आणि खाली वीस वारस: कोणी बोरिवलीत, कोणी डोंबिवलीत. सगळ्यांचं संमतीपत्र मागतात. चाकरमानी शिमग्याला येतात तेव्हाच सह्या उरकून घ्या. वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करा, फेरफाराच्या नोटिशीलाच पंधरा दिवस जातात.

बाकी नेहमीचं: आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, शेतकरी ओळख क्रमांक, जागेची नोंद येणारे फोटो.

रकमेबद्दल भ्रम नको. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरात शंभर कलमं बसतात, म्हणजे झाडामागे २२५ रुपये. त्या पैशात नवं कलम, खड्डा आणि शेणखतही धड होत नाही. तरी अर्ज करा, कारण पंचनाम्याची प्रत पुढे बँकेत कर्जाची मुदत वाढवून मागताना लागते.

मदतीच्या यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागू शकते. पैसे मंजूर होऊनही इथे कित्येकांचे अडकतात, कारण यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेली असते आणि बागायतदार त्या आठवड्यात मुंबईला गेलेला असतो.