दसरा काढताय? मग आधी सोडा कुठला ते बघा

गणपती गेले, म्हाळ लागले की कोल्हापुरात घरोघरी दसरा काढायची गडबड सुरू. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी, घट बसायच्या आत घर माळ्यापासून मोरीपर्यंत झाडून, भांडी घासून, वाकळा-चादरी धुऊन काढायच्या, याला आमच्याकडं दसरा काढणं म्हणतात. आणि त्याच्याच जोडीला दरवर्षी फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच येतो. चिकट डब्यावर बेकिंग सोडा भुरभुरला, वरनं व्हिनेगर ओतलं, फेस आला, कट, आणि डबा लखलखीत. यावर्षी तो मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघी माझ्या सख्ख्या मावश्या.

तर एकदाच बसून लिहितो. खायचा सोडा वेगळा आणि धुण्याचा सोडा वेगळा. नाव सारखं, रंग सारखा, कंपनीत सुद्धा दोन्ही एकाच रस्त्यानं तयार होतात, पण एकाचं काम दुसरा करत नाही.

खायच्या सोड्याबद्दल काय सांगायचं, तो तुम्हाला माहितीच आहे. भजी, ढोकळा, केक, हरभरे लवकर शिजायला चिमूटभर. शाळेतलं नाव सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर म्हणजे यातच कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च मिसळलेला, ती साफसफाईला वापरून पैसे घालवू नका. पुढं.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. लक्ष्मीपुरीत कुठल्याही जुन्या किराणा दुकानात सुटा मिळतो, कधी पावडर, कधी काचेसारखे खडे. एक बारीक गोष्ट, खड्यात वजनाच्या 60 टक्क्यांच्या वर नुसतं पाणीच असतं, म्हणून खडे असतील तर पावडरीच्या अडीच पट घ्यायचे. खडे उघडे राहिले तर हवेत पाणी सोडून पांढरे भुगा होतात, ते खराब झालेले नसतात, फेकू नका.

आता खरी भानगड. ही एक गोष्ट कळली की बाकीचं आपोआप सुटतं.

शिरोळकडच्या ऊसवाल्यांना सामू (पीएच, 7 च्या खाली आम्ल आणि वर अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट) काय असतो ते सांगायला नको, माती परीक्षणाच्या रिपोर्टात पहिला तोच बघतात, 8.5 च्या वर गेला की चोपण जमिनीचा घोर लागतो. तोच सामू पाण्यात कालवलेल्या सोड्याला लावा. खायचा सोडा 8.3 च्या आसपास. धुण्याचा सोडा 11 च्या वर. ऐकायला तीनच अंकांचा फरक वाटतो, पण सामूत एक अंक म्हणजे दहा पट, दोन म्हणजे शंभर पट, तीन म्हणजे हजार पट. हजार! आणि आंघोळीच्या वडीचा साधा साबण घ्या, त्याचं पाणी 9 ते 10 असतं. म्हणजे व्हिडिओतली ताई ज्या सोड्यानं सगळ्या स्वयंपाकघराचा चिकटा काढतीय, तो तिच्या आंघोळीच्या साबणापेक्षाही मवाळ आहे.

मग चिकट्याला एवढा जोर कशाला लागतो? शेगडीच्या वरच्या फळीवरचे डबे डोळ्यासमोर आणा. कांदा-लसूण चटणी परतताना, मटणाचा कट सुटताना तेलाचे बारीक कण वर उडतात आणि झाकणांवर बसतात, मग उष्णतेनं आणि हवेनं ते वर्षभर आटत जातात आणि शेवटी ते तेल राहतच नाही, वॉर्निश होतं, वर धूळ अडकलेलं तपकिरी वॉर्निश. जवसाचं तेल रंगात वाळून घट्ट होतं तोच हा प्रकार. असल्या थराला सैल करायचं तर कडक अल्कली आणि गरम पाणी लागतं. अल्कलीनं तेलातल्या आम्लांचा जागेवर साबणच होतो, आणि तो साबण उरलेलं तेल उचलून पाण्यात नेतो. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातलं झाकण हाताला बुळबुळीत लागतं. 8.3 वाल्याच्या अंगात तेवढी धमक नाही. तो करतो ते निव्वळ घासायचं काम, मऊ पावडर असल्यामुळं. तेवढ्यापुरता तो चांगलाच आहे, फ्रीजच्या आतनं, चहाचे डाग पडलेल्या कपाला, थर्मासला मी तोच वापरतो.

मागच्या वर्षी आईशी यावरनं वाद झाला तेव्हा मी एकाच फळीवरची दोन स्टीलची झाकणं घेतली. दोन पातेल्यांत कढत पाणी, एकात दोन चमचे हा, दुसऱ्यात दोन चमचे तो. पंधरा मिनिटांनी खायच्या सोड्यातलं झाकण जसंच्या तसं, फक्त धूळ निघालेली, बोट फिरवलं की अजून चिकट. दुसऱ्या पातेल्यातलं पाणी चहासारखं झालेलं आणि झाकणाच्या कडेनं तपकिरी साय सुटून तरंगत होती. घासणी हलकी फिरवली, निघालं. आई म्हटली, "व्हय की रं." आमच्याकडं याहून मोठी कबुली मिळत नाही.

आता त्या व्हिनेगरचं. माझी सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकत्र आले की एकमेकांना मारतात. फसफस दिसते तो कार्बन डायऑक्साइड, आणि फेस बसल्यावर खाली राहतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याला ना तेल जुमानतं ना क्षार. तुम्ही दोन कामाच्या वस्तू घेऊन एक बिनकामाची केली. व्हिनेगर नाहीतर लिंबू एकटंच वापरा, बोअरच्या पाण्यानं नळावर जो पांढरा थर धरतो त्याला. तिथं कुठलाच सोडा चालत नाही. देवघरातल्या तांब्या-पितळेला पण नाही, तिथं चिंच.

कपड्यांचं थोडक्यात: बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. धुण्याचा सोडा ते खाली बसवतो आणि पाणी हलकं होतं. चादरी, सुती वाकळा, पायपुसणी, बिनधास्त.

पण हजार पट जोर म्हणजे हजार पट सांभाळून, आणि इथं लोक उलट्या बाजूनं चुकतात. सोडाच तर आहे म्हणून कशालाही लावतात. जर्मनच्या भांड्यांना, म्हणजे ॲल्युमिनियमला, अजिबात नाही. आमचं इडलीपात्र मी स्वतःच्या हातानं काळं केलंय, रात्रभर भिजत ठेवलं होतं, सकाळी आतनं पाटीसारखं. चिमणीची जाळी पण पुष्कळ वेळा ॲल्युमिनियमची असते, हातात घेऊन वजन बघा, फारच हलकी लागली तर साबणावर भागवा. लोकर आणि रेशीम हे केसांच्याच जातीचे धागे, कडक अल्कलीत खराब होतात, तेव्हा पट्टणकोडोलीच्या जत्रेतनं आणलेलं घोंगडं वाकळांच्या बादलीत ढकलू नका. चामड्याच्या चपला पण लांब. हातात रबरी मोजे घाला, डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. माप म्हणाल तर 10 लिटरच्या बादलीत अर्धी वाटी पावडर पुरते, जास्त घालून जास्त निघत नाही, नंतर पांढरे ओघळ मात्र पुसत बसावं लागतं.

कुणीतरी लिहीलच की खायचा सोडा भाजला की धुण्याचा होतो. होतो. ओव्हनमध्ये 200 डिग्रीला तासभर ठेवा, पाणी आणि वायू निघून जातो, 100 ग्रॅमचे 63 उरतात. सॉल्वे नावाच्या बेल्जियन माणसानं 1861 मध्ये पद्धत काढली तिच्यातही हेच होतं, आधी खायचा तयार होतो, मग तो तापवून धुण्याचा. पण कोपऱ्यावर सुटा स्वस्तात मिळत असताना गॅस-लाईट कशाला जाळायची?

आणि घरात दोन बिननावाचे पांढरे डबे सापडले तर लिंबू पिळून ओळखायला जाऊ नका, फसफस दोन्हीला येते. वाटीत चमचाभर घेऊन थोडंसं पाणी टाका आणि वाटीला बाहेरनं हात लावा. धुण्याची पावडर कोमट होते आणि खडा धरते, खायचा सोडा उलट किंचित गार लागतो. चाखून तर बघूच नका. आमच्या वहिनी एकदा ढोकळ्याच्या पिठात धुण्याचा घालता घालता थांबल्या, डबा सारखाच होता. त्या दिवशी आईनं मार्करनं एका डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "खायचा न्हाय". दुसऱ्यावर अजून काहीच लिहिलेलं नाही.