पोत्यातलं बी आणि उगवणारं बी

2021 साली कोल्हापूरकडून निपाणीला यायचं तर कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर 72 तासांच्या आतला कोविडचा आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा लागायचा. आमचे निपाणीचे मामा तेव्हा नुकतेच दवाखान्यातून सुटले होते. ऑक्सिजन सुटला होता, दोन भाकरी जात होत्या. मामींचं माहेर कागल. तिथल्या कार्याला जाऊन परत यायचं म्हणून मामांनी टेस्ट केली, आजाराच्या 26व्या दिवशी. पॉझिटिव्ह! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं आणि दूधवाला पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवा म्हणू लागला.

मामा ठणठणीत होते, आणि रिपोर्टही खोटा नव्हता.

खानापूरकडे पेरणीआधी भाताचं बी तपासतात. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी उघडून शंभरात किती कोंब आले ते मोजायचं. पोतं भरलेलं दिसलं म्हणून बी चांगलं, असं कुणी शेतकरी धरत नाही. आरटीपीसीआर मात्र फक्त पोतं बघते. घशातल्या स्वॅबमध्ये विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे त्याच्या जनुकीय मालाचा, तुकडा आहे का, एवढंच तिला कळतं. तो तुकडा धडधाकट विषाणूतला की शरीराने मोडून टाकलेल्यातला, हे नाही. आजार ओसरल्यावरही मेलेल्या पेशी आणि विषाणूंचे अवशेष आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतात.

रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू असते. यंत्र नमुन्यातला तुकडा दर फेरीला साधारण दुप्पट करत जातं. कितव्या फेरीला तो दिसला, तो हा आकडा. मामांचा होता 34. कुणाचा 20 असेल, तर मधल्या 14 फेऱ्यांचा अर्थ त्याच्या नमुन्यात सोळा हजार पटींहून जास्त माल. (स्वॅब नीट घेतला नसेल तर हा आकडा फसवतो, म्हणून त्यावरही आंधळा भरवसा नको.)

उगवण बघायची तर विषाणू प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर सोडावा लागतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल झालेल्या 129 कोविड रुग्णांचे नमुने असे तपासले. त्यातल्या 23 जणांकडेच जिवंत विषाणू सापडला. लक्षणं सुरू झाल्यापासून तो मिळण्याचा मध्यक (म्हणजे निम्म्यांत कमी, निम्म्यांत जास्त असा मधला) काळ 8 दिवस, आणि पंधरा दिवसांनंतर मिळण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली. सर्वांत लांबलेला रुग्ण 20व्या दिवसाचा. रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) पुरेशी झाली की विषाणू उगवायचा थांबत होता. वुहानच्या रुग्णांत मात्र नुसता आरएनए 37 दिवसांपर्यंत सापडला होता. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आमचे मामा अडकले.

फ्लूचंही गणित असंच. धडधाकट माणूस लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू सोडतो. दवाखान्यात पडलेला, वयस्कर किंवा स्टेरॉइडवर असलेला त्याहून जास्त दिवस.

पण सगळ्यांना एकच माप लावलं तर घोटाळा होतो. अमेरिकेत ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) असलेल्या 71 वर्षांच्या एका बाईंना कोविडची लक्षणंच नव्हती, तरी 70व्या दिवशीही त्यांच्या नमुन्यात जिवंत विषाणू मिळाला. प्रतिकारशक्तीच पांगळी असेल तर बी महिनोन्‌महिने उगवत राहतं. कॅन्सरच्या किंवा किडनी बदललेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत जास्त दिवस ठेवतात ते याचसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020मध्येच रुग्णाला विलगीकरणातून सोडायला लागोपाठ दोन निगेटिव्हची अट सोडून दिली होती: लक्षणांपासून 10 दिवस आणि वर लक्षणांशिवायचे किमान तीन. नाक्यावर मात्र कागदच चालायचा.

हे सगळं मामींना समजावलं, तर त्या म्हणाल्या, "मग मेलेला हाय का जित्ता, एवढं लिवायला काय झालतं त्यास्नी?"

प्रश्न बिनतोड होता. पण ती तपासणी जिल्ह्याच्या साध्या लॅबमध्ये होत नाही. विषाणू बाहेर निसटू नये अशी खास बांधलेली प्रयोगशाळा लागते, आणि पेशी मरतात का हे बघत दिवसचे दिवस थांबावं लागतं. तोवर कागलचं कार्य उरकलं होतं.